गच्चीवर ऊन, घरात अंधार: ६५ तासांचं एक प्रकरण

मे २०२५चा पहिला आठवडा. मंगळवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला जालना जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी वळवाचं वादळ आलं. अर्धा तास वारा, मग गारा, मग पाऊस. गावठाण फीडरचे, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) लाईनचे, सात पोल आडवे झाले, गावातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) एका अंगाला कलली आणि लाईट गेली. ती आली शुक्रवारी पावणेबाराला. मधले ६५ तास मामांच्या घरात जे घडलं, आणि मुख्य म्हणजे जे होता होता राहिलं, ते मी इथे सविस्तर लिहितो आहे. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवतो. माझ्या मुलांना ही सगळी गोष्ट मी फळ्यावर आकृती काढून सांगितली, तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी सोलर बसलेलं निघालं, आणि लाईट गेल्यावर ते का बंद पडतं हे एकालाही धड सांगता आलं नाही.

आधी घर समजून घेऊ. मामा निवृत्त शिक्षक, मामी मधुमेही, दिवसातून दोनदा इन्सुलिन. मुलं पुण्याला. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली, त्यानंतर दिवाळीच्या आसपास मामांनी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. ५४० वॅटची सहा पॅनेलं, एक सिंगल फेज इन्व्हर्टर, आणि लाईनकडून घेतलेली व लाईनला दिलेली वीज मोजणारा नेट मीटर. खर्च १ लाख ९० हजार, त्यातले ७८ हजार सबसिडीचे परत आले. उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट निघायची. दरमहा बाराशे-चौदाशेचं बिल स्थिर आकारापुरतं उरलं होतं. मामा समाधानी होते आणि गावात कुणी विचारलं की आवर्जून गच्चीवर नेऊन दाखवायचे.

घरात आणखी एक इन्व्हर्टर होता. चार वर्षांपूर्वी घेतलेला, १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी असलेला, लोडशेडिंगसाठी सगळ्यांकडे असतो तसा. दोन्ही डब्यांचं नाव एकच, ‘इन्व्हर्टर’. या एका शब्दाने घरात किती गोंधळ घातला ते पुढे येईलच. म्हणून मी एकाला सोलरचा इन्व्हर्टर म्हणेन आणि दुसऱ्याला बॅटरीचा.

मंगळवारी रात्री बॅटरीच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, तीन बल्ब आणि वायफायचा डबा चालत होते. मिळून साधारण १९० वॅट. नवीन बॅटरीने सहा-सात तास खेचले असते. चार वर्षांची बॅटरी तेवढीही टिकली नाही. मामा निश्चिंत होते. सकाळी ऊन पडलं की सोलर सुरू होईल, बॅटरी भरेल, फ्रिज चालेल. सोलर बसवणाऱ्याच्या माणसाने सांगितलेलं वाक्य त्यांना पाठ होतं: ‘सर, आता तुमच्या घरची लाईट कधी जायची नाही.’

बुधवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. सात वाजता पॅनेलांवर ऊन आलं. सोलरच्या इन्व्हर्टरचा पडदा उजळला, लाल दिवा लागला आणि ‘नो युटिलिटी’ (लाईन नाही) एवढीच अक्षरं दिसायला लागली. आठ वाजले, नऊ वाजले, तरी तीच अक्षरं. बसवणाऱ्याला फोन लावायचा तर टॉवरही डिझेलअभावी बंद. मामा मोटारसायकलवर सात किलोमीटर रेंज येईपर्यंत गेले आणि त्यांनी मला फोन केला.

‘अरे, ऊन तर हे एवढं पडलंय. मग ह्याला काय झालं? वीज पडून जळलं की काय?’

मी म्हटलं, ‘मामा, काही जळलेलं नाही. ते बंद पडायलाच बनवलंय. तुम्ही कुणाला हात लावू देऊ नका, मी निघालो.’ छत्रपती संभाजीनगरहून पोहोचायला मला दुपारचे साडेबारा झाले.

समोरच्या शेतात पाणी, इकडे काहीच नाही

मी पोहोचलो तेव्हा घरासमोर दहाबारा माणसं जमली होती आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. रस्त्यापलीकडच्या शेतात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला ५ एचपीचा पंप धो धो पाणी काढत होता. त्याला ना लाईन, ना मीटर, ना बॅटरी. साधारण ५ किलोवॅटची पॅनेलं, एक कंट्रोलर आणि विहिरीतला पंप. गाव घागरी घेऊन तिथे लागलं होतं. रस्त्याच्या या बाजूला मामांची तेवढ्याच उन्हात तापलेली पॅनेलं, आणि घरात मोबाईल चार्ज करण्याइतकीही वीज नाही. ‘सरांना फसवलं’ असा गावाचा निकाल झाला होता.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

त्या शेतकऱ्याचा कंट्रोलर स्वतःच विजेची लय तयार करतो. त्याच्यापुढे एकच गिऱ्हाईक आहे, पंप, आणि ते गिऱ्हाईक समजूतदार आहे. ऊन कमी झालं की कंट्रोलर फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लयीचा वेग, उतरवतो, पंप सावकाश फिरतो, पाण्याची धार बारीक होते. ढग आला तर पंप थांबतो, ढग गेला की परत चालू. पिकाला त्याने काही फरक पडत नाही. साठवण म्हणावी तर ती शेततळ्यात किंवा जमिनीच्या ओलीत होते.

घराचं तसं नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो आणि तो त्याच क्षणी लागतो. फ्रिज-पंख्यांच्या मोटारी २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ धरूनच बनवलेल्या असतात. उन्हाप्रमाणे कमीजास्त व्हायला घरातलं कुठलंच यंत्र तयार नसतं.

आणि मामांचा सोलरचा इन्व्हर्टर तर स्वतःची लय धरतच नाही. दिंडीत टाळकरी पखवाजावर कान ठेवून टाळ वाजवतात, तसा तो लाईनच्या विजेवर कान ठेवून चालतो. लाईनचा ५० हर्ट्झचा ठेका ऐकायचा, त्यात आपली वीज बरोबर ठेक्यावर मिसळायची, एवढंच त्याचं काम. व्होल्टेज ठरवणं त्याच्याकडे नाही, फ्रिक्वेन्सी ठरवणं त्याच्याकडे नाही. घराला ३०० वॅट हवेत की ३,०००, याची चिंता त्याने कधी केलेलीच नसते. कमी पडलं तर लाईन देते, उरलं तर लाईन घेते. पखवाज थांबला की टाळकऱ्याने थांबायचं. बुधवारी सकाळपासून सहा पॅनेलांच्या टोकांना अडीचशे-पावणेतीनशे व्होल्ट डीसी उभे होते, मी मीटर लावून पाहिले. व्होल्टेज होतं, करंट शून्य. नळाला पाणी आहे पण तोटी बंद, तशी अवस्था.

ही तोटी मुद्दाम बंद होते. वीज वितरणाला जोडलेल्या अशा संचांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३चे नियम आहेत. लाईन गेल्यावर दोन सेकंदांच्या आत संचाने वीज सोडणं बंद केलं पाहिजे, आणि लाईन परत आल्यावर व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय पुन्हा जोडलं जाता कामा नये. व्होल्टेज ठरल्याच्या ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेलं तरीही बाहेर पडायचं. इन्व्हर्टर हे खरंच पाळतो का याची चाचणी आयएस १६१६९ या मानकाप्रमाणे होते.

लाईन गेली हे त्याला कळतं कसं, हाही भाग मला फार आवडतो. फक्त व्होल्टेज पाहून भागत नाही, कारण योगायोगाने घराचा लोड आणि सोलरची वीज अगदी जुळली तर लाईन जाऊनही काही क्षण सगळं जागच्या जागी दिसू शकतं. म्हणून इन्व्हर्टर सतत फ्रिक्वेन्सीला अगदी बारीक धक्का देऊन पाहतो. लाईन असेल तर देशभरच्या जनित्रांचं वजन पाठीशी असतं, ती जागची हलत नाही. लाईन नसेल तर त्या धक्क्याने फ्रिक्वेन्सी सरकते, सरकतच जाते, आणि इन्व्हर्टर ओळखतो की आपण एकटे उरलो आहोत.

मराठवाड्यातल्या एका गावापुरतीच ही गोष्ट नाही. त्याच्या आठवडाभर आधी, २८ एप्रिलला, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी जवळजवळ अख्ख्या देशांची वीज गेली होती. तिथे छतांवर सोलर भरपूर आहे आणि ऊनही होतं. ज्यांच्याकडे बॅटरी आणि लाईनपासून वेगळं होण्याची सोय नव्हती, ती घरं शेजाऱ्यांसारखीच बंद पडली.

‘थोडं फसवू या त्याला’

मी पोहोचलो तेव्हा गच्चीवर एक मुलगा वायर सोलत बसला होता. गावातली घरगुती वायरिंगची कामं तोच करतो. हुशार आहे, हात चांगला आहे. त्याची युक्ती अशी: बॅटरी थोडा वेळ पडून राहिल्याने दहा-पंधरा मिनिटं तरी चालेल. बॅटरीच्या इन्व्हर्टरचं आउटपुट सोलरच्या इन्व्हर्टरला लाईन म्हणून दाखवायचं. त्याला वाटेल लाईट आली, तो सुरू होईल, मग घरही चालेल आणि बॅटरीही भरेल. मोबाईलवर कुणीतरी करून दाखवल्याचं त्याने पाहिलं होतं.

कल्पनेत दम आहे, हे मी त्याला आधी सांगितलं. असं खरोखर करतात, फक्त त्यासाठी दोन्हीकडून वीज घेऊ-देऊ शकणारा खास बॅटरी इन्व्हर्टर लागतो. बॅटरी भरत आली की तो मुद्दाम फ्रिक्वेन्सी वाढवतो, ते ओळखून सोलरचा इन्व्हर्टर आपली वीज कमी करतो. मामांच्या साध्या बॅटरी इन्व्हर्टरला यातलं काहीच येत नाही. मी त्याला कागदावर हिशोब करून दाखवला. घरात लोड २०० वॅट. दुपारी सोलर देणार अडीच हजार. उरलेल्या २,३०० वॅटनी जायचं कुठे? लाईन नाही, म्हणजे त्या बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये उलट्या बाजूने घुसणार. त्याच्या आतले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतील, नाहीतर १५० एएचच्या बॅटरीत कुठलाही लगाम नसलेला दीडशे-पावणेदोनशे अँपिअरचा करंट ढकलला जाईल. तापलेली बॅटरी, तिच्यातून निघणारा हायड्रोजन, बंद खोली. बॅटरी मामींच्या झोपायच्या खोलीला लागून असलेल्या बोळात होती.

मुलाने वायर गुंडाळली. मी अर्धा तास उशिरा पोहोचलो असतो तर, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

दुसरी कल्पना गुरुवारी आली: मांडववाल्याचा ५ केव्हीएचा जनरेटर. लग्नसराई असल्यामुळे तो दोन तासांसाठीच मोकळा होता. तो घरच्या प्लगमध्ये दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने जोडायचा, असं सगळ्यांच्या मनात होतं, कारण गावात तसंच करतात. यात दोन धोके एकावर एक बसलेले आहेत. मेन स्विच चुकून चालू राहिला तर जनरेटरची वीज बाहेर पोलवर जाते. आणि सोलर असलेल्या घरात आणखी एक: जनरेटरचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पाहून सोलरचा इन्व्हर्टर मिनिटभराने जागा होणार आणि आपले दोन-अडीच किलोवॅट जनरेटरकडे ढकलणार. जनरेटर वीज घेऊ शकत नाही. त्याचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही बिथरतात, आणि पहिल्यांदा बळी जातो तो फ्रिज.

आम्ही जनरेटर अंगणातच ठेवला, घराच्या वायरिंगला लावलाच नाही. सोलरचा एसी आयसोलेटर (सोलरची जोडणी हाताने तोडायचा स्विच) बंद, मेन स्विच बंद, आणि जनरेटरपासून एका एक्स्टेन्शन बोर्डवर थेट फ्रिज आणि अर्ध्या आळीचे मोबाईल. दोन तासांचं भाडं आणि डिझेल मिळून पंधराशे रुपये गेले.

मामींचं इन्सुलिन

या सगळ्यात माझी खरी काळजी फ्रिजमधल्या दुधाची नव्हती. मामींच्या पाच पेन शिल्लक होत्या, एक चालू आणि चार न उघडलेल्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. चालू पेन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते, पण ते ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २५-३० अंशांपर्यंत. बुधवारी दुपारी स्वयंपाकघरात ३९ होतं.

न उघडलेल्या चार पेन मी आल्या आल्या थर्मासमध्ये घातल्या. खाली बर्फ, मध्ये टॉवेलची जाड घडी, वर पेन. बर्फाला इन्सुलिन टेकता कामा नये. एकदा गोठलं की ते निकामी होतं आणि पाहून ते ओळखताही येत नाही. माझ्या भाच्याने थर्मास तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात नेऊन दिला. दुकानदार ओळखीचे, त्यांनी नाव लिहून आपल्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

चालू पेनसाठी मामींनी स्वतःच सुचवलं, ‘माठात ठेवू का रे?’ मोठ्या कुंडीत वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सतत ओली, मडक्यात झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात पेन, वर ओलं गोणपाट, आणि सगळं ओसरीच्या सावलीत वाऱ्याला. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. मी थर्मामीटर सोडून पाहिला. बाहेर ओसरीवर ३८, मडक्यात २६. कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडला नसता. मामी दर दोन तासांनी वाळूवर तांब्याभर पाणी घालत राहिल्या, रात्रीसुद्धा.

पोलवरचा माणूस

गुरुवारी दुपारी वायरमन आले. दोन दिवस झोप नसलेला माणूस. डीपीचे डीओ (वरच्या लाईनपासून डीपी तोडणारे फ्यूज) उतरवलेले होते, तरी त्यांनी दारात येऊन पहिला प्रश्न हाच केला, ‘गुरुजी, तुमचं सोलर बंद आहे ना?’

मामा म्हणाले, ‘ते आपोआपच बंद झालंय.’

‘आपोआप नको. मला डोळ्यांनी दाखवा.’

आयसोलेटर गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, कुलपाआड होता. मी वर नेऊन दाखवला. पाती उघडी आहेत हे त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, हँडल खाली होतं त्याला आपल्या पिशवीतलं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग मला विचारलं, ‘जनरेटर कुणाकुणाकडे आहे आळीत?’ आणि त्या तीन घरी जाऊन आले. डीपीपासून निघणाऱ्या लाईनवर चढायच्या आधी त्यांनी दोन्ही बाजूंना तारा एकत्र बांधून जमिनीला अर्थ केल्या.

मी इतकी वर्षं मुलांना हे शिकवतो, पण त्या दिवशी खाली उभं राहून पाहताना त्याचा अर्थ वेगळाच लागला. आपल्या ओळखीची डीपी ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्ट करते. तीच डीपी उलटीही चालते. तिच्या आतल्या वेटोळ्यांचं प्रमाण साधारण १:४४ आहे. डीओ घातलेले असताना घरच्या बाजूने एका फेजवर २३० व्होल्ट आले तर वरच्या दोन तारांमध्ये दहा हजार व्होल्टच्या आसपास उभे राहू शकतात. खरं सांगायचं तर मामांच्या ३ किलोवॅटने तसं होण्याची शक्यता कमी. अख्ख्या आळीचा लोड अंगावर येताच तो कोसळला असता. पण वादळात तारा मध्येच तुटलेल्या असतात. तुटलेल्या तुकड्यावर एक-दोनच घरं असली तर सोलर त्यांना पुरू शकतं, आणि त्या तुकड्यावर माणूस काम करत असतो. त्याच्या अंगाला लागायला अकरा हजारांची गरज नाही, २३० पुरे आहेत.

म्हणून इन्व्हर्टर बंद होतो. आणि तरीही वायरमन त्याच्यावर विसंबून राहत नाही, तेही बरोबरच आहे. वीज कंपनीच्या माणसाला केव्हाही पोहोचता येईल अशा जागी, उघडा-बंद डोळ्यांना दिसेल असा आणि कुलूप लावता येईल असा हाती चालवायचा आयसोलेटर असावा, हे त्याच २०१३च्या नियमांत लिहिलेलं आहे. मामांच्या घरी आयसोलेटर होता, पण पोहोचण्याजोग्या जागी नव्हता. रात्री मामा घरी नसते तर वायरमनने काय करायचं? बसवणाऱ्याची ही चूक मला त्याच्या बोलघेवड्या वाक्यापेक्षा मोठी वाटते.

लाईट आली, तरी सोलर येईना

शुक्रवारी पावणेबाराला लाईट आली. वायरमन कुलूप काढून गेले, आम्ही आयसोलेटर चालू केला. पडद्यावर मोजणी सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली, परत थांबली. मामा म्हणाले, ‘आता मात्र हे बिघडलंच.’ मी प्लगमध्ये मीटर घातला: १७२ व्होल्ट. तीन दिवस बंद असलेले गावातले सगळे फ्रिज, कूलर आणि बोअरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या होत्या. २३०चे ८० टक्के म्हणजे १८४. त्याखाली इन्व्हर्टर जोडून घेत नाही. वीसेक मिनिटांनी टाक्या भरल्या, मोटारी थांबल्या, व्होल्टेज २०५ वर आलं, आणि मग मिनिटभराच्या मोजणीनंतर हिरवा दिवा लागला. तीन दिवसांत ३०-३२ युनिट निघायची राहिली.

रविवारी भर दुपारी मी मामांना एक प्रयोग करून दाखवला, कुणालाही घरी करता येईल असा. सोलर जोरात चालू असताना मेन स्विच बंद केला. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) सोलरच्या वायरवर होता. दहा अँपिअरचा आकडा सेकंदाच्या आत शून्यावर आला. स्विच चालू केला, घड्याळ लावलं, ७४ सेकंदांनी संच परत सुरू झाला. मामांनी तीनदा करायला लावलं. तेव्हा कुठे त्यांना पटलं की यंत्र नीट आहे आणि मंगळवारपासून नीटच होतं.

मग केलं काय

पहिला पर्याय, सोलरचा इन्व्हर्टर काढून हायब्रिड घालणं आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी. लाईन गेली की तो घराला लाईनपासून तोडतो आणि निवडक लोड डोळ्याची पापणी लवण्याआधी बॅटरीवर घेतो. उत्तम व्यवस्था आहे, पण खर्च लाखाच्या वर, वीज कंपनीकडे बदल कळवून मंजूर करून घेणं आलं, आणि वायरिंगमध्ये एक नाजूक जागा आहे जी पुष्कळ जण विसरतात: लाईन तुटल्यावर घराच्या न्यूट्रलचा जमिनीशी असलेला संबंधही तुटू शकतो. तो बॅकअपच्या बाजूला परत जोडला नाही तर गळतीच्या वेळी आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की लाईट तोडणारा स्विच) पडेलच याची खात्री राहत नाही. काम जाणत्या माणसाकडून करून घेणार असाल तरच या वाटेला जावं. दुसरा पर्याय तो गच्चीवरच्या मुलाच्या कल्पनेचा खरा अवतार, म्हणजे आहे तो इन्व्हर्टर ठेवून खास बॅटरी इन्व्हर्टर जोडणं. मामांच्या घराला तो आणखी महाग पडत होता.

मी मामांना विचारलं, ‘लाईट नसताना नक्की काय चालायला हवं?’ त्यांनी बसून यादी केली. दोन पंखे, तीन बल्ब, मोबाईल. फ्रिजबद्दल मामी म्हणाल्या, ‘मडकं आहे की.’ पाण्यासाठी समोरच्या शेतकऱ्याने केव्हाही या म्हटलं होतं.

या यादीला लाखाची बॅटरी लागत नाही. आम्ही बॅटरी नवीन घेतली, ती तशीही संपलेली होती, आणि तिच्यासाठी एक वेगळं ३३५ वॅटचं पॅनेल व एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलची जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा) लावला. बॅटरी सोडून पंधरा हजारांच्या आत काम झालं. नेट मीटरच्या संचाशी या पॅनेलचा काही संबंध नाही; ते फक्त बॅटरी भरतं. दुकानदार पीडब्ल्यूएम नावाचा स्वस्तातला, साधा कंट्रोलर देत होता. तो ३७ व्होल्टच्या पॅनेलला १२ व्होल्टच्या बॅटरीवर ओढून आणतो आणि ३३५ पैकी सव्वाशे वॅटच्या आसपासच पदरात टाकतो. वाचलेले दोन हजार रुपये रोज गच्चीवर उधळायचे, असा तो व्यवहार झाला असता. चार्जिंगचा करंट २० अँपिअरवर बांधून घेतला. दिवसाला साधारण एक युनिट बॅटरीत जातं, आणि दोन पंखे रात्रभर चालायला तेवढंच लागतं.

आयसोलेटर खाली, फाटकाच्या आत मीटरशेजारी आणला. त्यावर लाल अक्षरांत ‘या घरात सोलर आहे’ अशी पाटी. जनरेटर कधी आणलाच तर त्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवला, म्हणजे लाईन आणि जनरेटर एकावेळी जोडताच येणार नाहीत. दोन टोकांना पिना असलेली ती वायर मामांनी माझ्यासमोर विळ्याने तोडली.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पावसाने जो कहर केला, त्यात गावची लाईट ३१ तास गेली. मी तेव्हा संभाजीनगरलाच अडकलो होतो. मामांनी फोनवर सांगितलं की आभाळ गच्च आहे, कंट्रोलर चारच अँपिअर दाखवतोय, म्हणून एक पंखा बंद ठेवलाय, पण रात्र निघेल. मग म्हणाले, ‘वायरमन आले होते मघाशी. मी आधीच हँडल पाडून कुलूप लावून ठेवलं होतं. किल्ली त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, गुरुजी, फाटकातूनच दिसलं.’